समुद्राचं पाणी कोण बदलतं

बाई, बुचाचा तो आवाज आज सकाळी पुन्हा ऐकू आला. आधी बाटलीच्या गळ्यात बूच किरकिरतं, मग एक दबका ‘पुक्’, आणि त्याच्यामागून सगळ्या वर्गाने एकदम आत ओढलेला श्वास. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडलेली, तुम्ही कोकणातल्या तुमच्या गावाहून नुकत्याच परतलेल्या, आणि टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली हिरवट काचेची बाटली. पूर्वी तिच्यात कसलंसं टॉनिक असावं, कारण काचेवर मापाच्या रेघा होत्या. आम्ही पेठेतली मुलं. आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. नदी पाहिलेली, तीही पूर आला की पुलावर उभं राहून. पुस्तकातली समुद्राची कविता त्या दिवशी सुरू व्हायची होती. तुम्ही म्हणालात, "पुस्तकं मिटा. हात पुढे करा." आणि बाकांमधून फिरत प्रत्येकाच्या तळव्यावर एकेक थेंब सोडत गेलात. एरवी छडी खायला पुढे होणारे हात ते. आम्ही जीभ लावली. माझ्या शेजारचा तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, आमटी बिघडलीय." तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "बिघडलेली नाही. अशीच केलेली आहे." मग पुस्तकं उघडली, तुम्ही चाल धरलीत आणि आम्ही मागून म्हणू लागलो. ओळ संपून श्वास घ्यायला थांबलं की जिभेला मीठ लागायचं. पुढे कितीतरी कविता पाठ केल्या, पण चव असलेली तेवढी एकच.

आज सकाळचा आवाज मात्र बुचाचा नव्हता, मिठाच्या डब्याच्या झाकणाचा होता. हे मीठ स्वयंपाकातलं नाही. ते समुद्राच्या हिशेबाने बनवलेलं असतं, चुना-बिना आणि आणखी काय काय मिसळून, आणि ते गोड्या पाण्यात विरघळवलं की समुद्राचं पाणी तयार होतं. म्हणजे लोक तसं म्हणतात. आमच्या बिबवेवाडीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीशी, तुमच्या वर्गातल्या टेबलाएवढी लांब एक काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, वाळू, जांभळट डाग पडलेले खडबडीत दगड, पाण्यात बोटं हलवावीत तशी हलणारी एक मऊ वनस्पती, जी वनस्पती नाही तर प्राणी आहे असं मला नंतर कळलं, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. एका कोपऱ्यात लहानसा पंखा बसवलाय, तो लाटा करतो. वीज गेली की लाटा बंद. तुम्ही हे पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असतात, ह्याचा मी बराच विचार करतो. बहुतेक खुर्ची ओढून बसल्या असतात.

टाकीशेजारी बादली आहे. सकाळी मिसळलेलं मीठ तिच्यात अजून फिरतंय, एक चिमुकला पंप ते गरगर फिरवत ठेवतो. आधी दुधासारखं दिसत होतं, आता निवळत आलंय. पूर्ण निवळेपर्यंत माझ्या हाताला काम नाही, म्हणून हे लिहायला बसलो. नुसतं त्यासाठी नाही. तुम्ही मला एक काम दिलं होतं, ते अर्धवट राहिलंय, आणि आज संध्याकाळनंतर ते पुढे सरकेल असं दिसत नाही. म्हणून जेवढं कळलंय तेवढं सांगून टाकतो.

तुम्हाला आठवतं का, ती बाटली तुम्ही नंतर वर्गातल्या कपाटावर ठेवली होती. कविता संपली, पुढचे धडे झाले, आणि एक दिवस कोणीतरी मस्ती करताना बूच काढलं तर सगळा वर्ग नाक धरून बाहेर. पाणी नासलं होतं. तळाशी शेवाळासारखं काहीतरी साचलेलं. तुम्ही ती बाटली खिडकीतून बाहेर रिकामी केलीत, आणि मी हात वर केला. आमच्या घरी आई रोज सकाळी तांब्याच्या हंड्यातलं कालचं पाणी ओतून द्यायची. एक थेंब ठेवायची नाही. चिंचेने हंडा लख्ख घासायचा, मग ताजं भरायचं. कालचं पाणी म्हणजे शिळं, आणि शिळं पाणी पाहुण्याला द्यायचं नाही, देवाला तर नाहीच. हे मला अंगवळणी पडलेलं. त्यामुळे मी सरळ विचारलं, "बाई, बाटलीतलं पाणी एवढ्यात शिळं झालं, मग समुद्रातलं का होत नाही? तिथलं पाणी कोण बदलतं?"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खिडकीशी, हातात रिकामी बाटली धरून तुम्ही उभ्या होतात. मग म्हणालात, "मला माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं ऐकलं नाही. मग म्हणालात, "तुला कळलं की मला सांग." बस. फळ्याकडे वळलात. मी घरी जाऊन आईला सांगितलं की बाईंनी मला काम दिलंय. आई म्हणाली, "आधी गृहपाठ करा, मग समुद्र बघा."

तर समुद्र बघायला इतकी वर्षं लागली. विमा कंपनीत कारकुनी केली, लग्न झालं, मुलगा झाला, तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात आणि तिकडेच गेलात हे कोणाकडून तरी कळलं. समुद्रावर मीही दोन-चारदा जाऊन आलो, भेळ खाल्ली, पाय भिजवले. पण प्रश्न तिथे सुटत नाही, बाई. समुद्र समोर असला की तो इतका मोठा असतो की त्याला काही विचारावंसं वाटत नाही. तो घरात आला तेव्हा विचारता आलं.

आणला मुलाने. त्याला नोकरीतून सुचलेला छंद. दिवसभर स्क्रीन पाहून डोळे थकले की हे बघत बसायचा. मग त्याला परदेशात काम मिळालं. निघताना मला म्हणाला, "बाबा, दर आठवड्याला पाणी चेंज करायचं, बाकी काही टेन्शन नाही. रूटीन आहे." विमानतळावरून पुन्हा फोन करून तेच म्हणाला. आता ‘पाणी बदलायचं’ ह्या दोन शब्दांत मला न कळण्यासारखं काय होतं? जन्मभर पाणी बदलताना पाहिलं होतं. ते गढुळलेलं, पिवळट पडलेलं पाणी पाहून मला आणि माझ्या बायकोला मनापासून वाईट वाटलं. (तिला मी इथे ‘ही’च म्हणणार, तेवढी सवय सोडवत नाही.) ही म्हणाली, "किती दिवसांचं शिळं असेल कोण जाणे. बिचारे बोलत नाहीत म्हणून." आम्ही दोघांनी एक अख्खी सकाळ त्यात घातली. मासे एका पातेल्यात काढले. सगळं पाणी उपसलं, शेवटचं फडक्याने टिपून घेतलं. हिने दगड मोरीत नेऊन काथ्याने घासले, नळाखाली धरून, पांढरे होईपर्यंत. वाळू तांदळासारखी धुतली, पाणी नितळ येईस्तोवर. मग सगळं नवंकोरं खारं पाणी भरलं. मी मागे सरून पाहिलं. ही पदराला हात पुसत म्हणाली, "आता कसं लख्ख दिसतंय. नाहीतर काय कळा होती."

दोन-तीन दिवस आम्ही त्या लख्खपणाचा आनंद घेतला. मग पाणी धुरकट झालं. मग मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, दम लागलेल्या माणसासारखे. मुलाला फोन लावला, कॅमेरा टाकीसमोर धरला. तो म्हणाला, "बाबा, सगळं पाणी काढलंत?"

"अरे, शिळं झालं होतं."

"आणि दगड? ते इतके पांढरे का दिसतायत?"

ही मागून म्हणाली, "काथ्याने घासलेत. साबण नाही रे लावला." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मला अजून आठवतो.

मुलाने कपाळाला हात लावला. मग सावकाश समजावून सांगितलं. पाण्यात मासे असतात तसे दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि माशांची घाण खाऊन पाणी राहण्याजोगं ठेवायचं काम तेच करतात. ते वाढायला महिने लागतात. आम्ही त्यांना एका सकाळी काथ्याने घासून मोरीत घालवलं होतं. "पाणी थोडंसंच काढायचं, बाबा. पाच बादल्यांतली एक. बाकीचं जुनंच ठेवायचं. नवीन पाणी जुन्यात मिसळलं पाहिजे, त्याच्या जागी येऊन बसता कामा नये." ही म्हणाली, "मग हे आधी सांगायचं होतं. ‘पाणी बदला’ म्हटलं की आपल्याकडे बदलतात."

बुधवार पेठेतल्या ज्या दुकानातून त्याने टाकी घेतली होती तिथे आम्ही रिक्षाने गेलो. दुकानदार तरुण होता, ऐकून हसला नाही, एवढंच म्हणाला, "काका, होतं असं. पुण्यात जास्त होतं." त्याने आपल्या टाकीतला एक काळपट, बुळबुळीत दगड दिला आणि दोन पिशव्या भरून जुनं पाणी. येताना ही रिक्षात त्या पिशव्या मांडीवर धरून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी कवटाळायची. चाळीसहून अधिक वर्षं हिला मी रोज सकाळी कालचं पाणी ओतून देताना पाहिलं, आणि आता ती दुसऱ्याच्या घरचं शिळं पाणी मांडीवर घेऊन चालली होती. तीच म्हणाली, "बघताय काय. शिळ्या भाताची फोडणी ताज्या भाताला येते का?" मासे वाचले. त्या काळपट दगडावरून बाकीचे दगड हळूहळू पुन्हा मळले, आणि आम्ही ते मळणं कौतुकाने पाहत बसायचो.

तेव्हापासून मी शिकलो, बाई. दर रविवारी. आधी लाटांचा पंखा बंद करायचा आणि पाणी गरम ठेवणारी कांडी बंद करायची, नाहीतर पाणी खाली गेलं की ती उघडी पडून तडकते. मग नळी टाकीत सोडायची आणि दुसऱ्या टोकाने ओढ द्यायची. पूर्वी डब्यातून रॉकेल काढायला तोंडाने ओढ द्यायचो तशीच. रॉकेलाच्या मानाने समुद्र बराच सुसह्य लागतो. पाणी बादलीत पडू लागलं की नळीचं टोक वाळूवरून फिरवायचं, तळातली घाण तेवढी उचलायची. आणि तेवढ्या वेळात मी कविता म्हणतो. घड्याळ बघत नाही. तुम्ही पाठ करून घेतलेली एक अख्खी कविता, चालीवर, न गाळता, म्हणजे एक बादली. ओवी म्हटली तर बादली भरून वाहते, कारण ओवी कुठे थांबवायची तेच कळत नाही. पक्क्या गणांच्या वृत्तातली बरोबर काठाशी येते. ही स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, दुसरं कडवं खाल्लंत. बादली कमी भरली असेल बघा." आणि खरंच कमी भरलेली असते.

मोजायला मुलाने दुर्बिणीसारखी एक छोटी नळी ठेवलीय. तिच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा भाग कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, त्यावरून खारटपणा कळतो. पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर क्षितिज आहे. थेंबात समुद्र असतो हे आपण कवितेत नुसतं म्हणत होतो, इथे त्याची मोजपट्टी होती.

आणि नळाचं पाणी चालत नाही. ज्या खडकवासल्याच्या पाण्याबद्दल आम्ही जगात कोणाचं ऐकून घेत नाही, ते ह्या माशांना चालत नाही. गाळून गाळून त्यातलं सगळं काढून टाकायचं, मग त्यात मीठ घालायचं. पुण्याच्या पाण्याला नाव ठेवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माशाकडून.

आता उत्तराकडे येतो. एका दुपारी टाकीसमोर बसलो असताना माझ्या डोक्यात भूगोलाचा तास आला. ढग उठतात ते तुमच्या पश्चिमेच्या समुद्रावरून. घाटावर येऊन रिकामे होतात. ते पाणी धरणात अडतं, नळाने आमच्याकडे येतं, आणि उरलंसुरलं मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि कृष्णा जाते ती पार पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे एका समुद्रातून काढायचं आणि दुसऱ्यात नेऊन ओतायचं. बाई, मी उठून उभाच राहिलो. समुद्राचं पाणी बदललं जातंय, आणि आपण पुणेकर त्या मधल्या बादलीत बसलोय. ही कोथिंबीर निवडत होती, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "तरीच नळाला धार नसते. बादली लांबून येते ना."

दोन दिवस मी खुशीत होतो. तुम्हाला सांगायला उत्तर मिळालं असं वाटलं. मग टाकीनेच ते खोडलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, कडेला मिठाची पांढरी रेघ उठते. ते भरून काढताना खारं पाणी घालायचं नसतं, गोडं घालायचं. कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ सगळं मागेच राहतं. ढगांचंही तेच. ते समुद्रातून मीठ उचलत नाहीत, घाण उचलत नाहीत, वरवरचं गोडं पाणी तेवढं नेतात. म्हणजे ते बदलणं नव्हेच. खरं काम खालीच चाललेलं असतं, दगडांवर, वाळूत, कोणाला न दिसता. समुद्राचं पाणी बाहेरचं कोणी बदलत नाही, जे आत राहतात तेच बदलतात, असं म्हणावं का? मग बाटलीत आत राहणारे नव्हते का? की होते, पण त्यांना दगड मिळाला नाही, लाट मिळाली नाही? इथपर्यंत आलो आहे. पुढचं दिसत नाही. तुम्ही असता तर पुढचा प्रश्न तुम्ही विचारला असता, आणि मी त्याच्या मागे आणखी काही वर्षं गेलो असतो.

पण वर्षं आता मापातली आहेत, आणि टाकी आज जायची आहे. गेल्या महिन्यात भरलेली बादली मोरीकडे नेताना सांडलेल्या पाण्यावरून पाय गेला. खुब्यावर पडलो. मोडलं काही नाही, पण हिरवं-निळं होऊन महिनाभर काठी घेऊन हिंडलो. पडलो तेव्हा ही काही बोलली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. तिचं बोलणं बंद होतं तेव्हा ती घाबरलेली असते. बोलली ती दवाखान्यातून परत आल्यावर, टाकीकडे बोट दाखवून. "मासे दुकानात मिळतात. खुबा मिळतो का, विचारून या एकदा." काठी सुटली त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. दोघांचं आधी बोलणं झालेलं असणार, कारण दोघांचा सूर एकच होता. तो म्हणाला, "बाबा, बास आता. वीस लिटरच्या बादल्या उचलायचं वय आहे का? मी दुकानात बोललोय. रविवारी पाचला तो येऊन सगळं घेऊन जाईल. मासे त्याच्याकडे नीट राहतील." मी म्हणालो, "बरं." दोघांपुढे दुसरं काय म्हणणार. त्यांचं खोटं नाही.

माझं एवढंच आहे, बाई, की ह्या वयात मला कोणी काही विचारत नाही, आणि मीही कोणाला काही विचारावं असं उरलेलं नाही. औषध घेतलं का, जेवलात का, झोप लागली का, ह्याला मी प्रश्न धरत नाही. ह्या काचेसमोर बसलो की मी अजून हात वर केलेला असतो. ती गेली की हात खाली घ्यावा लागेल. भिंतीशी टीव्ही येईल बहुधा.

ही गेल्या आठवड्यात तिच्या बहिणीकडे कोकणात गेली, आंब्या-फणसाचं काय काय करायला. उद्या येईल. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "मी येईपर्यंत ते कपाट रिकामं झालेलं असू दे. मला ते जाताना बघायचं नाहीय." टाकीला ती नेहमी कपाटच म्हणते. आणि मग, चपला घालून झाल्या असताना, पुन्हा काढून आत आली आणि काचेवर बोट टेकवून माशांना म्हणाली, "येते रे." आपल्याकडे जाते म्हणत नाहीत, येतेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. मी तेव्हा तसंच धरलं.

आज शेवटचं पाणी बदलायला घेतलंय. खरं तर गरज नव्हती. पण भाड्याचं घर सोडतानाही आपण केर काढून, फरशी पुसून किल्ली देतो. दुकानदाराने माशांकडे बघून ‘काका, कसं ठेवलंत’ असं म्हणता कामा नये. जुनं पाणी काढून झालंय, ह्या वेळी तांब्याने थोडं थोडं नेलं, बादली उचलली नाही, हे हिला कळलं तर बरं होईल. एक अख्खी कविता झाली, समुद्राचीच. कुठलंही कडवं खाल्लं नाही. नवं पाणी आता अगदी नितळ दिसतंय, तळातला पंपसुद्धा स्वच्छ दिसतो. ओतायचं तेवढं राहिलंय, ते होत नाहीय माझ्याच्याने.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. टाकीच्या खालच्या कप्प्यात ठेवलं असतं, पण तो कप्पाही आज जाईल. एक कबुली तेवढी देऊन ठेवतो. मुलाने ती दुर्बिणीची नळी दिलीय, तिच्यात क्षितिज दिसतं, सगळं खरं. तरीही ही स्वयंपाकघरात गेली की मी बादलीत बोट बुडवतो आणि जिभेला लावतो. दर रविवारी. मग डोळे मिटतो आणि तुम्ही बाकांमधून येत असता. चव तीच आहे का, हे मला इतक्या वर्षांनंतर कसं सांगता येणार, पण मी ठरवून टाकतो की आहे. मग नळीतून बघतो. ह्यातलं कोणाला काही माहीत नाही, हिलाही नाही.

बेल वाजली. पाचला अजून अवकाश आहे. दुकानदार रिक्षा-टेंपो मिळेल तसा लवकर आला असेल. जरा थांबा.

दार उघडून आलो, बाई, आणि हे उभ्यानेच लिहितोय. दारात दुकानदार नव्हता. ही होती. उद्या यायची ती आज, एसटीच्या धुळीने केस पांढरे झालेले, मागे वॉचमन तिची बॅग घेऊन. दोन्ही हातांत, पोटाशी धरलेला, टॉवेलात गुंडाळलेला पाच लिटरचा तेलाचा कॅन. बाटलीची गोष्ट हिला लग्नापासून पाठ आहे.

मी म्हणालो, "अगं, तू उद्या येणार होतीस ना?"

"बाजूला व्हा आधी. समुद्र जड असतो." कॅन तिने टाकीसमोरच्या स्टुलावर ठेवला, मग बादलीकडे पाहिलं, मग माझ्या खुब्याकडे. "पदराने दोनदा गाळून घेतलंय. बहीण म्हणाली, वेड लागलंय का. ह्यापुढे पाणी असल्याच कॅनमधून न्यायचं-आणायचं, पाच-पाच लिटरच्या. बादली उचललेली दिसली तर तीच फोडून टाकीन. आणि तो पाचला आला की चहा पाजा आणि पाठवून द्या. मुलाला मी सांगते."

मी म्हणालो, "थांब, किती खारट आहे ते मोजायला हवं. ती नळी कुठे ठेवली बघतो."

तिने टॉवेल सोडला आणि कॅनचं झाकण फिरवलं. प्रवासात तापलेल्या कॅनमधून एक दबका ‘पुक्’ आला. कॅन माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "नळी कशाला शोधताय? घाला बोट. दर रविवारी घालता तसं."